कलमाखालचा पाला

माझ्या डाव्या पायाला आता तीन बोटं आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी कीव करत बसायला नको. कीव करणाऱ्यांनी मला आजारापेक्षा जास्त छळलंय. तोंडाने "अरेरे" म्हणायचं आणि डोळे मात्र चपलेकडे. मला राग लवकर येतो, आमच्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. या आजारात मी घाबरले, रडले, पण सगळ्यात जास्त काय केलं असेल तर चिडले. जावेवर चिडले, डॉक्टरांवर चिडले, शेजारच्या काकीवर चिडले आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. तो शेवटचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी सुनंदा. लांज्याजवळच्या एका गावात राहते आणि सोळा वर्षं काजूच्या कारखान्यात जाते. नवरा मुंबईत छापखान्यात आहे. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चार दिवस येतो, तेवढाच आमचा संसार. बाकी घरात मी आणि माझी धाकटी जाऊ सुरेखा. तिचाही नवरा मुंबईतच.

दुखलं नाही, हेच दुखणं

कारखान्यात काजूगर पत्र्याच्या डब्यांत भरतात. पौष संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका डब्याचं झाकण माझ्या हातातून निसटून डाव्या पायावर पडलं आणि करंगळीच्या बाजूची दोन बोटं मुळाशी चिरली गेली. शेजारच्या बायका किंचाळल्या. मी फडकं बांधलं आणि परत कामाला बसले. "सुनंदाचा जीव म्हणजे जांभा दगड," असं कुणीतरी म्हणालं आणि मी मेली त्यावर फुशारले!

कारण खरंच दुखत नव्हतं. त्याआधी वर्षभर कधी कधी पायातली चप्पल वाटेत राहायची आणि मला दहा पावलांनी कळायचं. त्याला मी वय म्हणत होते. पाय बधिर होत चाललाय, हे कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

काकीचा प्रश्न

आमच्या शेजारी भागीकाकी राहते. वय सत्तरीच्या पुढे. तिच्या परड्यात आणि आमच्या परड्यात मधे फक्त एक गडगा, दगड रचून केलेली कमरेएवढी भिंत. कोयती लागली, दगड लागला, बैलाने शिंग मारलं, की वाडीतली माणसं काकीकडे जातात. ती जखमेवर पाला देते.

त्याचे नियम आहेत. सकाळी कुणाशी बोलायच्या आत तिने पाला खुडून आणायचा. दाराआड वाटायचा. घेणाऱ्याने उंबऱ्यावर एक नारळ ठेवायचा आणि आभार मानायचे नाहीत. पाल्याचं नाव आणि तो कुठला, हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो, असं तिच्या सासूने तिला सांगितलेलं. आणि पाला लावण्याआधी काकी एक प्रश्न विचारते. एकदाच. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं, असं तिचं मत.

मी गेले तेव्हा तिने फडकं सोडून पाय बघितला. मग विचारलं, "लघवीला मुंग्या लागतात काय गो?"

"नाय," मी म्हटलं.

लागत होत्या. महिनाभर न्हाणीच्या मोरीवर मुंग्यांची रांग बघत होते आणि तांब्याभर पाणी ओतून मोकळी होत होते. मला ते लाजेचं वाटत होतं. कारखान्यात एकीला कळलं की सगळ्यांना कळतं आणि मग साधी खोकले तरी "हिला तो रोग आहे" म्हणून डबे भरण्यावरून उठवतील, अशी भीती होती. म्हणून एका शब्दात खोटं बोलले. तो शब्द मला दोन बोटांना पडला.

काकी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, पाल्याचा गोळा लावला आणि धुतलेल्या सुती पट्टीने बांधलं. दहा दिवस रोज हे चाललं. जखम भरली नाही, पण स्वच्छ होती, घाण वास नव्हता. अकराव्या दिवशी काकीचा मुलगा मुंबईहून आला आणि तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन गेला.

सुरेखाचं प्रेम

सुरेखाने माझं भलं करायचं मनावर घेतलं, इथून पुढे सगळं बिघडलं. गडग्यावरून डोकावून तिने काकीच्या दाराबाहेर पडलेली देठं बघून ठेवली होती. लांब दांड्याचं, पिवळसर फूल येणारं झुडूप. ओळख चुकली नाही, हेही सांगायला हवं. पाला तोच होता.

पण काकी तो वर सड्यावरून आणायची. उघड्या कातळावरचा, बारीक, खुरटा पाला. तेवढं चढून कोण जाणार? सुरेखा रोज कलमांच्या बागेत कामाला जायची. हापूसच्या कलमांखाली तोच पाला टपोरा, हिरवागार होता. तो ओंजळ भरून घेऊन आली आणि म्हणाली, "वैनी, बघ कसा रसरशीत हाय!"

मोहोराचे दिवस होते. तुडतुड्यासाठी कलमांवर फवारणी चालू होती. झाडावर मारलेलं औषध खाली गवतावर ठिबकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कलमाखालचं गवत फवारणीनंतर आम्ही गुरांनासुद्धा घालत नाही. पण तिने आणलेला पाला माझ्या पायाला बांधताना आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. गुराला जे घालत नाही, ते पाच दिवस उघड्या जखमेत भरलं.

पाचव्या दिवशी पाय सुजून चप्पल जाईना. दोन बोटं काळी पडली होती. अजूनही फारसं दुखत नव्हतं.

शुगर

लांज्याच्या डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी माझं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी तो मला नाही, सुरेखाला सांगितला. चारशेच्या वर. मी समोर बसलेली असताना! मी म्हटलं, "डॉक्टर, रक्त माझं आहे, मला सांगा." तेव्हा त्यांनी सांगितलं, की शुगर जुनी आहे, पाय बधिर झालाय, आणि आजच्या आज रत्नागिरीला जायचं. आजार कळला तो असा, रिक्षा बाहेर घरघरत असताना.

 हातखंब्याच्या फाट्यावर गाडी रत्नागिरीकडे वळली तशी सुरेखा रडायला लागली. मी तिला गप्प केलं. प्रेमाने नाही, ओरडून.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही, घरचे नको म्हणतात. सर्जन तरणे, हुशार. पट्टी सोडली आणि हिरवा लगदा बघून त्यांचा आवाज चढला. "हा कसला झाडपाला? जंगलात राहता काय? शिकलेली बाई दिसता आणि अडाण्यासारखं वागता!" वॉर्डातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. चूक झाली होती, कबूल. पण पालथं पडलेल्या माणसाला आणखी लाथ कशाला? पाला कुठला, कुणी दिला, किती दिवस लावला, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. केसपेपरवर एक ओळ लिहिली: गावठी औषधाने जखम चिघळली. त्या ओळीत काकीचे दहा दिवस आणि कलमाखालचे पाच दिवस एका मापाने मोजले गेले.

दुसऱ्या दिवशी माझी दोन बोटं काढली.

खाट नंबर अकरा

पुढचे तीन आठवडे मी अकरा नंबर होते. "अकराची शुगर बघा", "अकराला इन्सुलिन द्या". पहाटे पाचला बोट टोचायचं, सातला चहा बिनसाखरेचा, नऊला ड्रेसिंग. ड्रेसिंगची गाडी यायची तिच्या चाकांचा कुरकुर आवाज कॉरिडॉरच्या टोकापासून ऐकू यायचा. जखमेला संवेदना नव्हती, पण भीतीला होती. पट्टी सुटली की मी छताकडे बघायचे. पाय माझा, पण बघायची हिंमत नव्हती.

बारा नंबरवर पारूबाय होती, मासे विकणारी. हाताला काटा लागून हात सुजलेला. तीही शुगरवालीच. एके दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडत होते तर म्हणाली, "रडतंस कशाला गो? भांड! भांडलीस की बरी होशील." मग तिने पिशवीतून एक हातातला आरसा काढला. "हा पायाखाली धर आणि रोज बघ. आपल्याला दुखत नाय ना, मग डोळ्यांनी दुखून घ्यायचा." मोठमोठ्या डॉक्टरांनी जे सांगितलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं. तो आरसा तिने मला देऊनच टाकला. आजही रोज रात्री जेवल्यावर मी तळवा बघते.

नवरा दोन दिवसांची रजा काढून आला. खाटेशेजारी बसून सुरेखालाच बोल लावत राहिला. ती दाराशी उभी, पदर तोंडात. मी पण त्याच्या सुरात सूर मिसळला, हे लिहायला लाज वाटते. ती एवढंच म्हणाली, "वैनी, मी मुद्दाम केलंय काय?" त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. पण डबा रोज सकाळच्या एसटीने आला. भाकरी, पालेभाजी, आणि माशाचा एक तुकडा.

पाल्याची परीक्षा

घरी आले, शुगर ताब्यात आली, पण बोटांच्या जागची जखम मिटेना. मे गेला, मिरग गेला. एक दिवसाआड एसटीने रत्नागिरीला ड्रेसिंगला जायचं. सर्जन म्हणाले, असंच राहिलं आणि परत पू झाला तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. शांतपणे म्हणाले. घोट्याच्या वरून म्हणजे कारखाना संपला, सडा संपला, घरची पायरीसुद्धा संपली. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले होते, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

पुढच्या वेळी ड्रेसिंगच्या खोलीत एक तरुण मॅडम बसलेल्या. एका कॉलेजातून आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं: जखमेवर गावात लावतात त्या एका पाल्याचं मलम केलंय, त्याची तपासणी चालू आहे. निम्म्या लोकांना पाल्याचं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं मलम. कुणाला कुठलं, ते बंद पाकिटात. बाकी औषधं, इन्सुलिन, ड्रेसिंग सगळं चालूच राहणार. भाग घ्यायचा की नाही, ते माझ्या मर्जीवर. मग फोटो दाखवला. लांब दांडा, पिवळसर फूल.

आणि शेजारी उभे असलेले सर्जन, तेच, म्हणतात कसे, "आपलं पारंपरिक ज्ञान आहे हे, मावशी. जपायला हवं."

मी मोठ्याने हसले. खोलीतली सिस्टर दचकली. चार महिन्यांपूर्वी हाच पाला माझ्या पायावर होता तेव्हा मी जंगली होते. आता तो ट्यूबमध्ये बसला, तर ज्ञान झालं? मी त्यांना हे तोंडावर विचारलं. ते केसपेपर चाळायला लागले.

मॅडमना मात्र मी दुसरंच विचारलं. "हा पाला खुडला कुठे?"

त्यांनी फॉर्म बघितला. तिथे "स्थानिक" एवढंच लिहिलेलं. मग फोन लावला. पाला पुरवणाऱ्या माणसाने सांगितलं, कॉलेजच्या एका ट्रस्टींची बाग आहे, तिथे भरपूर मिळतो.

"बाग कसली?"

"हापूसची," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या.

मग मी सगळं सांगितलं. सड्यावरचे दहा दिवस, कलमाखालचे पाच दिवस, दोन बोटं. सांगताना आवाज एवढा चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. सुरेखा सातवी शिकलेली. तिने जी चूक केली, जिच्यामुळे तिला घरात तोंड दाखवायची चोरी झाली, तीच चूक ही एवढी शिकलेली माणसं करून बसली होती. आणि मलम लागलं असतं ते लहान शेतकऱ्याच्या, मासेवालीच्या पायाला. जखम चिघळली असती तर केसपेपरवर परत तीच ओळ.

मॅडमनी वाद घातला नाही. मलमाचा तो सगळा साठा त्यांनी बाजूला काढला, तपासायला पाठवला आणि मला विचारलं, "काकी मला तो सडा दाखवतील?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं माफ केलं.

काकी दोन्ही डोळ्यांनी नीट बघत मुंबईहून परत आली होती. ती नाव सांगायला तयार नव्हती. "गुण जाईल. मग काय करू?" दोन दिवस मी तिच्याशी भांडले. तिच्या नियमामुळेच सुरेखाला जागा कळली नाही, हेही सुनावलं.  तिसऱ्या दिवशी पहाटे कुणाशी न बोलता आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि हाताने खूण केली, चला.

मी काठी टेकत सड्याच्या पायथ्यापर्यंतच जाऊ शकले. वर काकी आणि मॅडम दोघीच गेल्या. खाली आल्या तेव्हा मॅडमच्या ओच्यात पाला होता आणि काकी म्हणत होती, "नाव मी घेतला नाय. तुमीच घेतलात. मी फक्त मान हलवली." बांध कुठला, कातळ कुठला, आसपास फवारणी होते की नाही, सगळं मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मलम नव्याने झालं. त्याची तपासणी झाली. त्यानंतर मी सही केली.

पाकीट

तीन महिने लागले. ड्रेसिंग, इन्सुलिन, पायावर भार न देणं, सुरेखाची भाकरी. मधेच एकदा गडग्याशी उभी राहून मी तिला म्हटलं, "चूक माझी पण होती गो." ती म्हणाली, "भाकरी गार होतेय." आमची दिलजमाई एवढ्यावरच झाली. दिवाळीच्या आधी जखमेवर गुलाबी कातडी धरली. सर्जननी पाय हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "वाचला." मग खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी मी जास्तच बोललो." मी त्यांना लगेच माफ केलं नाही. अजून विचार करतेय.

सगळ्यांचं संपल्यावर पाकिटं उघडली. मॅडमनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माझं मलम साधं होतं. पाल्याचा त्यात अंशही नव्हता.

मी खुर्चीतच बसून राहिले. एवढी भांडले, काकीला तिचा नियम मोडायला लावला, म्हातारीला सड्यावर चढवलं आणि तो पाला माझ्या पायाला लागलाच नाही! ज्यांना लागला त्यांचं काय, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, माणसं थोडी आहेत, एवढ्यात काही सांगता येणार नाही. पण कुणालाही अपाय झाला नाही, तेवढं नक्की. त्यावर मी थोडी शांत झाले. कुणाचं तरी बोट वाचलं असेल.

घरी आल्यावर गडग्यापलीकडे काकी तांदूळ पाखडत होती. मी पलीकडे जाऊन तणतणत सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि नव्या कातडीवरून अंगठा फिरवला.

"मग तेव्हा नाय का म्हणालीस?" ती म्हणाली.

"कधी?"

"मी विचारला व्हता तेव्हा. तुमच्या न्हाणीचा पाणी माझ्या गडग्याखालून जातो. मुंग्या मी बघितल्या व्हत्या."

 मी भडकलेच. "बघितल्या होत्यास, तर तेव्हाच का नाही बोललीस? डॉक्टरकडे जा, असं का नाही सांगितलंस?"

"तू नाय म्हणालीस," काकी म्हणाली. "तुला खोटी कशी पाडू?"

तिचा मान राखायचा नियम, माझी लाज. दोघींच्या मधे कमरेएवढा गडगा, आणि त्याखालून वाहणारं पाणी दोघींनी बघितलेलं. आम्ही दोघी तिथे बसून रडलो. माझ्या बोटांसाठी रडलो असं कुणी म्हणेल, पण मी तरी रागाने रडत होते.

आता काकी प्रत्येकाला दोनदा विचारते. पहिल्यांदा तिच्या पद्धतीने. दुसऱ्यांदा मला हाक मारून बोलावते. मी गडग्यावर बसून चप्पल काढते, पाय दाखवते आणि मग ती परत विचारते, "आता सांग. मुंग्या लागतात काय?"